सुई माझी, पाय अक्काचे

९ डिसेंबर १९७५, मंगळवार

कारंज्याच्या डॉक्टर गोविंदसिंगांनी वही ठेवायला सांगितलं, म्हणून ही वही. रोज सकाळी लघवीचा रंग, इंजेक्शन किती दिलं आणि पायावर काही नवीन दिसलं का, एवढं लिहायचं. ते मी पुढच्या पानांपासून लिहीन. हे मागच्या पानांपासून लिहिते आहे. हे डॉक्टरांसाठी नाही.

काय झालं ते आधी नीट लिहिते. हे पोस्टमन आहेत. इंझोरीहून चार गावांची डाक पायी वाटतात. शनिवारी पोस्टमास्तरांना टेबलाखाली रक्त दिसलं. यांच्या टाचेत बाभळीचा काटा निघाला, चपलेतून आरपार गेलेला. जखम पिकली होती, म्हणजे काटा आत किती दिवस होता कोण जाणे. यांना पत्ता नव्हता.

आज डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला लावले आणि तळव्यावर कापूस फिरवला. मग टाचणी टोचली. "लागलं की सांगा." हे गप्प. टाचणी घोट्याच्या वर आली तेव्हा म्हणाले, "हं, आता."

लघवी तपासली. रंग विटकरी आला. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे. साखरेनं पायाच्या नसा खराब झाल्यात. आग होते ती त्या नसांची, आणि बधीरपणा आहे तोही त्यांचाच. बधीरपणा जाईल असा भरवसा देत नाही. आग मात्र साखर ताब्यात ठेवली तर तीन-चार महिन्यांत उतरेल. पण पाय आता डोळ्यांनी सांभाळायचे. ते स्वतः काही सांगणार नाहीत."

मग विचारलं, "आग किती दिवसांपासून होते?"

हे खाली पाहत म्हणाले, "दीड वर्स झालं."

दीड वर्ष. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि ही गोष्ट मला डॉक्टरबरोबर कळली. मी शाळेत पोरांना शिकवते, कोणत्या पोराचं पोट दुखतं ते मला तोंड पाहून समजतं. घरच्या माणसाचं समजलं नाही.

तेही सोसलं असतं. घरी आलो तर दारातच यांची थोरली बहीण, सोजरअक्का, उभी. म्हणाली, "शेषू, आगीचं सांगतलं काय रे डाक्तरले?"

तिला माहीत होतं.

१२ डिसेंबर

इंजेक्शन द्यायला शिकले. काचेची सिरिंज आणि सुई उकळायची, इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. अक्काला सिरिंजवरच्या रेषा वाचता येत नाहीत, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. नाहीतर तेही तिनंच घेतलं असतं.

संध्याकाळी पाय धुवायचे. कोमट पाण्यात, पाणी आधी दुसऱ्यानं कोपर घालून पाहायचं, मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तेल लावायचं. मी पातेलं घेऊन बसले. यांच्या पायाला हात लावला तर विस्तव लागल्यासारखा पाय मागं घेतला.

"राहू दे. अक्का करते."

"काहून? माह्या हाताले काय झालं?"

"राहू दे म्हनलं ना."

अक्का आली, पातेलं ओढून घेतलं, पाय धुतले. मी चुलीपाशी बसून पाहिलं. सुई माझी, पाय अक्काचे. अशी वाटणी झाली.

१८ डिसेंबर

अक्काबद्दल लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

ती यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती इथेच राहिली. सासू लवकर गेलेली, सासरेही माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी वारलेले. यांना तिनंच वाढवलं. मी या घरात आले तेव्हा दोघं एका ताटात जेवत. मला वाटलं, हळूहळू सुटेल. ताट सुटलं, पण बाकी काही सुटलं नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून यांनी खाट ओसरीवर नेली. म्हणाले आत उकडतं. थंडीतही उकडतं! आपली थाळी-पेला वेगळा काढला, तो अक्काच घासते. गंगू बारा वर्षांची आहे, बापाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिला जवळ बसू देत नाहीत. ती मला विचारते, "बाबा मले जोळ काहून येऊ देत नाईत वं?" मी काय सांगू? मला येऊ देतात का?

आज मी उंबऱ्यात वह्या तपासत होते. अक्का यांच्या पायाला तेल लावत होती. म्हणाली, "आता टाचेच्या मागून मुंग्या चढून राह्यल्या ना? मंग पोटरीत कोनी दाभन घुसवल्यासारखं होते."

हे म्हणाले, "हो. अगदी तसंच."

यांनी सांगायच्या आधी तिला कळतं. मी बाजूला बसले तरी मला नाही कळत. यांच्या कोणत्या बोटात कळ येते तेही ती ओळखते. अठरा वर्षांची बायको असून मी तिथं पाहुणी.

तिचं सगळंच खटकतं आहे सध्या. माठ भरून ठेवला की दुपारपर्यंत अर्धा रिकामा, एकटी पीत असते. काम टाकून दहादा परसात जाते. आणि रांजणाखालच्या ओल्या दगडावर पाय ठेवून बसते राणीसारखी. मी शाळेतून येऊन भाकरी थापायच्या आणि तिनं तिथं गारव्याला बसायचं.

२६ डिसेंबर

आज रंग हिरवा. विटकरीवरून नारिंगी, पिवळा आणि आता हिरवा. एक चमचा निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, दिव्यावर उकळायचं; निळंच राहिलं तर साखर नाही. रंग बदलताना पाहायला मला आवडू लागलं आहे. पण लघवीची बाटली माझ्या हातात हे देत नाहीत, अक्काच आणून ठेवते.

डॉक्टरांनी वही पाहून शाबासकी दिली. म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी वही माझ्या एकाही रोग्याकडे नाही." मी यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर पाहत होते.

जीवनसत्त्वांची पंधरा इंजेक्शनं संपली. जखम भरते आहे. डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली. अमरावतीला एका दवाखान्यात मऊ रबराच्या चपला पायाच्या मापानं करून देतात, त्या करून आणायच्या. यांनी चिठ्ठी एसटीत उघडून वाचली आणि खिशात ठेवली. चेहरा पांढरा पडला होता. मी विचारलं, "काय लिवलं?" म्हणाले, "चपलाईचं."

६ जानेवारी १९७६

हे काल अमरावतीला गेले, अक्काला घेऊन. मला आदल्या संध्याकाळी सांगितलं.

मी म्हटलं, "मी रजा टाकते."

"तुह्यी शाळा हाये. तुले काहून तरास?"

"अन अक्काले नाई काय तरास?"

"तिले घेऊन जानं जरूर हाये."

जरूर! काल शाळेत फळ्यावर त्रैराशिक लिहिताना तीन वेळा चुकले.

आज दुपारी परत आले. काळ्या रबराच्या चपला, मागं पट्टा. दोन जोड. एक यांचा आणि एक अक्काचा.

मी दोन्ही जोड पाहत उभी राहिले. हिच्या पायाला काय धाड भरली? हिला मापाच्या चपला, आणि मला एक खणही नाही. अमरावतीहून कोणी माणूस बायकोला रिकाम्या हातानं येतो? अक्कानं आपला जोड उचलून अंथरुणाखाली घातला, जसा काही मी चोरणार होते. नंतर म्हणाली, "भागे, तू राग नोको धरू." मी म्हटलं, "मले कायचा राग?"

१० जानेवारी

त्या चपला अक्का घालतही नाही. वावरात जाताना तेवढ्या घालते, गाव मागं पडल्यावर.

११ जानेवारी

विहिरीवर रुपाबाई भेटली. आमच्या आळीत तिच्याइतकं कोणाला काही माहीत नसतं. म्हणाली, "मास्तरीनबाई, आमचे मालक अमरावतीले गेलते. तुमच्या यजमानाले पाह्यलं म्हनत. महारोग्याईच्या दवाखान्यातून निंगत होते. संगं सोजराबाई होती."

मी म्हटलं, "चपला आनाले गेलते. डाक्तरनंच धाडलं. मऊ रबर तथीच भेटते."

"हो का," ती म्हणाली, आणि आपला हंडा माझ्या हंड्यापासून हातभर लांब ठेवला.

मला दवाखान्याचं काही वाटलं नाही. बधीर पायांसाठी चपला करायची कला त्याच लोकांकडे असणार, त्यांचेही पाय बधीरच. वाटलं ते वेगळंच. ही गोष्टही मला बाहेरून कळली.

घरी येऊन विचारलं, "कोनत्या दवाखान्यात जानार ते मले काहून नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी आली असती संगं."

यांनी वाकून चपलेचा पट्टा लावला. मग म्हणाले, "तेच नोतं पायजे."

याच्यापुढं बायकोनं काय विचारायचं असतं?

२ फेब्रुवारी

पाच आठवडे हिरवा, दोनदा तर निळाच राहिला. आज विटकरी! पहिल्या दिवसासारखा, तळाला गाळ बसलेला.

मी नळी घेऊन ओसरीवर गेले. "काय खाल्लं काल? खरं सांगा."

"काईच नाई."

"मंग हे काय? अक्कानं गूळ देल्ला असंल. नाईतर शिरा. लाडाच्या भावाले उपाशी पाहवत नसंल."

अक्का भिंतीला धरून उभी होती. नळीकडं पाहत म्हणाली, "भागे, लाल म्हंजे काय होते वं?"

आणि मी बोलून गेले, "लाल म्हंजे पाय सडते. कापा लागते. मंग बसा घेऊन भावाले मांडीवर."

ती तिथंच खाली बसली. दिवसभर तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी शाळेत लवकर निघून गेले.

३ फेब्रुवारी

आज पुन्हा हिरवा. म्हणजे कालची चोरी पकडली म्हणून आज सुधारले. मी वहीत पुढच्या पानांवर लिहिलं, "पथ्य मोडले, बहुधा घरातील व्यक्तीमुळे." डॉक्टर वाचतील.

१९ फेब्रुवारी

यांची आग उतरली. अक्कानं सांगितलं, "शेषू सकाळवरी झोपला. दीड वर्सात पहिल्यांदा." डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

मला आनंद झाला. झालाच. इंजेक्शन मी दिलं, ज्वारीची भाकरी मोजून मी दिली, रंग मी पाहिले. पण ती बातमी यांच्या तोंडून मला हवी होती. "भागा, आज पाय शांत आहेत," एवढे चार शब्द. ते ओसरीवरून आतपर्यंत आले नाहीत, अक्कापाशीच संपले.

७ मार्च, रविवार

आजच लिहिते.

सकाळी अक्का चुलीपाशी उकिडवी बसून भाकरी करत होती. मी मागं गहू निवडत होते. मला केस जळल्यासारखा वास आला. मग तो केसांचा वाटेना. वाकून पाहिलं तर तिच्या उजव्या पायाच्या बोटांखाली चुलीतला धगधगीत निखारा, आणि ती भाकरी परतते आहे.

मी ओरडले, "अक्का, पाय!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

मी तिला खांद्याला धरून मागं ओढलं. अंगठा आणि बाजूचं बोट खालून जळून पांढरं पडलं होतं. ती त्याच्याकडं दुसऱ्या कोणाचा पाय असल्यासारखं बघत होती. मग पहिलं काय केलं, तर लुगडं खाली ओढून पाय झाकला.

मी लुगडं वर केलं. दुसराही पाय पाहिला. टाचांना भेगा, करंगळीजवळ जुना काळा झालेला घट्टा. तळव्याखाली बोट फिरवलं. "लागते काय?"

"नाई."

"कधीपासून?"

"शेषूच्या आधीपासून. तीनक वर्सं झाले."

रांजणाखालचा ओला दगड माझ्या डोळ्यांसमोर आला. अर्धा माठ पाणी. परसातल्या फेऱ्या. मी ते सगळं याच वहीत लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात.

मी लघवीची रिकामी बाटली आणून तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "नोको. मी पाह्यलं एकदा. लालच येते."

"कधी पाह्यलं?"

"तू मले बोल्ली होती त्या दिसी. मी शेषूच्या बाटलीत माह्यं घातलं होतं. मले पाहाचं होतं, शेषूसारखाच रंग येते काय. तू म्हनली, पाय सडते. मंग मले खरं समजलं. बाबाचे बी असेच सडले."

"कोनत्या बाबाचे? मामंजीचे?"

तेव्हा तिनं सांगितलं. माझे सासरे, उकंडराव. त्यांच्याही पायांची आधी आग झाली, मग पाय मेले, मग बोटं झडली. गावानं महारोग ठरवला. आपल्याच लोकांनी पंच बसवून त्यांना वावरात एका गवती खोपडीत काढलं. दोन वर्षं तिथं होते, आणि तिथंच गेले. अक्का वीस वर्षांची, नुकती विधवा होऊन आलेली, हे चौदा वर्षांचे. भाकर ती नेत असे.

"माह्ये पाय तसे झाले तं मी कोनाले नाई सांगतलं. मंग शेषूचे झाले. तो माह्यापाशी येऊन रडला. आमी ठरवलं, घरात आलं हाये हे, तुले अन पोरीले लागू द्याचं नाई. त्यानं खाट बाहेर नेली. थाली येगळी केली. डाक्तर साखर म्हनत होता, पन मंग चपलाईसाठी महारोग्याईच्या दवाखान्यातच धाडलं ना? आमी म्हनलं, डाक्तर चांगला मानूस हाये, लपवून राह्यला."

हे बाहेरून आले ते दारातच उभे राहिले. मी विचारलं, "हे खरं हाये?"

म्हणाले, "तुले हात कसा लावू देनार होतो मी?"

मी रडले, पण एक गोष्ट खरी लिहायची तर त्या रडण्यातही राग होता. यांनी माझ्यासाठी हे केलं, हे समजलं. तरी दीड वर्षाचं भय दोघांनी आपसात वाटून घेतलं आणि मला त्यातला वाटा दिला नाही. आजाराचाही हेवा वाटू शकतो हे मला आज कळलं.

चार वाजता अक्काची लघवी उकळली; नळी लाल, तळाला गाळ. ती पुढच्या पानांवर लिहिली. नाव लिहिलं, सोजराबाई उकंडराव. आणि फेब्रुवारीतली ती "घरातील व्यक्तीमुळे" ओळ खोडली.

९ मार्च

कारंज्याला तिघं गेलो. डॉक्टरांनी तोच कापूस, तीच टाचणी घेतली. अक्काला गुडघ्याच्या चार बोटं खाली पहिल्यांदा लागलं. मी सगळं सांगितलं, सासऱ्यांचंही. डॉक्टरांनी तिच्या कोपराजवळची नस चाचपून पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या, पाठीवर चट्टा आहे का बघितलं. यांचंही तसंच परत पाहिलं.

"महारोगाचं एकही लक्षण दोघांना नाही. साखर आहे. घराण्यात असते कधी कधी. चपलांसाठी तिकडे पाठवलं कारण चपला तिथल्याच चांगल्या. हे मी तेव्हाच फोडून सांगायला हवं होतं, चूक माझी."

"अन माह्या बापाले?" अक्कानं विचारलं.

"मी त्यांना पाहिलं नाही, म्हणून नक्की म्हणता येणार नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून, फार तहान, फार लघवी, वजन उतरणं, मग आग, मग बधीर पाय... तेही हेच असावं."

"लागत नाई ना हे? एकाचं दुसऱ्याले?"

"नाही."

"मंग माह्या बापाले वावरात काहून ठेवलं?"

डॉक्टरांनी टाचणी परत डबीत ठेवली. ती उत्तराची वाट पाहत बसली होती, जसं काही औषधासारखं तेही चिठ्ठीवर लिहून देता येईल.

बोटांचा रंग चांगला नाही. अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, आजच.

२७ मार्च, अकोला

आधी तिचंही इन्सुलिन सुरू केलं, ते मीच टोचते. साखर उतरल्यावर दोन बोटं काढली. अंगठा आणि बाजूचं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं.

अक्काला आत नेताना हे एका बाजूला आणि मी एका बाजूला होते. तिनं हात धरला तो माझा. यांचा सोडून माझा. म्हणाली, "भागे, तू तथीच उभी राह्य. मले तुह्या सुईची सवय झाली."

मी जिंकले असं वाटलं. एका बाईचा पाय कापायला नेताना मला जिंकल्यासारखं वाटलं. लाज वाटते म्हणूनच लिहून ठेवते.

२१ एप्रिल

घरी दोघांचेही पाय मीच पाहते. आधी अक्काचे, मग यांचे. आरसा खाली धरून तळवा दिसतो, ही युक्ती अकोल्याच्या नर्सनं शिकवली. अक्काचा रंग पिवळ्यावर आला. तिच्या पोटऱ्यांत अजून दाभण फिरते, पण कमी. डॉक्टर म्हणतात, तिला जास्त महिने लागतील, रोग जुना आहे. यांना पोस्टमास्तरांनी पावसाळ्यापर्यंत टपाल लावायच्या टेबलावर घेतलं. हे दिवसभर बसून कंटाळतात आणि संध्याकाळी पाय दाखवताना कुरकुरतात.

आज म्हणाले, "अक्काच्या पायाले अर्धा घंटा अन माह्याले पाच मिनिट."

मी म्हटलं, "तुमी कोनाले दीड वर्स देल्लं ते आठवा."

हे हसले. मी हसले नाही. अजून पूर्ण गेलेलं नाही.

१३ मे, वैशाख पौर्णिमा

संध्याकाळी विहारात वंदनेला गेलो. सारी वस्ती होती. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, खिरीची पातेली आली. रुपाबाईनं अक्कासाठी जागा केली, पण पदर सावरून.

तेवढ्यात अक्का उठून उभी राहिली. आम्हाला कोणाला काही सांगितलं नव्हतं. मोठ्यानं बोलायची तिला सवय नाही, म्हणून आधी कोणाचं लक्ष गेलं नाही. मग ती म्हणाली, "मले एक सांगाचं हाये," आणि हळूहळू सगळे गप्प झाले.

"माह्या बापाले महारोग नोता. उकंडरावले. त्याले साखर होती. मले हाये, शेषूले हाये, तीच. ते कोनाचं कोनाले लागत नाई. कोनाले पुसाचं असंल तं डाक्तरले पुसा." तिनं पट्टी बांधलेला पाय पुढं केला. "त्याचेबी बोटं असेच गेले. तुमी त्याले वावरात टाकलं."

तिनं पाय मागं घेतला.

"मीबी टाकलं," अक्का म्हणाली. "भाकर मी नेत होती. हातानं कधी देल्ली नाई. फडक्यात बांधून खाली ठेवाची अन लांब काठीनं सरकवाची. तो म्हने, सोजरा, जोळ ये ना बाई, तुह्यं तोंड दिसत नाई. मी नाई गेली. दोन वर्सं. मले वाटे मले लागंल."

ती बसली नाही, तशीच उभी होती. मी उठून तिच्याजवळ गेले. तिला आधार लागत होता म्हणून गेले असं नाही. मला तिथं बसून राहवेना.

म्हातारे ग्यानबा समोरच बसले होते. ऐंशीला आलेले, पंचातले आता तेवढेच उरलेत. काठी टेकत उठले आणि तिच्यासमोर आले.

"सोजरा, त्या पंचात मीबी होतो. खोपडी मीच दाखवली होती."

"माईत हाये मले."

"मंग इतके वर्सं माह्या जयभीमले जयभीम काहून देत राह्यली?"

"काय करू मंग?" अक्का म्हणाली. "गाव तं एकच हाये."

ग्यानबा खाली बसले. माफी मागितली नाही, मागता आली नसावी. तिच्या पट्टीवरून हात फिरवला आणि तसेच बसून राहिले. मागं कोणाची तरी पोरं खिरीसाठी रडायला लागली, तेव्हा बायका उठून वाढायला लागल्या. रुपाबाईनं पहिला द्रोण आणला, तर अक्का म्हणाली, "मले चालत नाई वं, पोट्ट्याईले दे."

घरी येताना ती माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होती. गंगू पुढं. हे मागं राहिले, मध्येच थांबत, नाक शिंकरत. काठीचं यांनाही माहीत नव्हतं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच अक्काची एक गोष्ट आम्हा दोघांना एकाच वेळी कळली. मला त्याचं बरं वाटलं. अशा वेळीसुद्धा बरं वाटलं, आणि ते तसंच घेऊन मी तिला घरापर्यंत आणलं.